मॉडेल रेल्वेसाठी कुठलं स्केल घ्यावं? खोली १० बाय १२, मन भुसावळ यार्डात

फेकरी_फाटक:
नमस्कार मंडळी. मूळचा भुसावळचा, नोकरीमुळे आता जळगावात. वडील रेल्वेत होते, क्वार्टरच्या मागेच यार्ड, त्यामुळे इंजिनांचं वेड लहानपणापासूनच आहे. वरच्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची एक खोली रिकामी झालीय, आणि ती रेल्वे मॉडेलसाठी वापरायला घरच्यांची हरकत नाही. अजून एक रूळसुद्धा विकत घेतलेला नाही, कारण स्केलवरच, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या भागाचं करायचं यावरच, गाडी अडलीय. एचओ म्हणजे १:८७ घ्यावं की एन म्हणजे १:१६०? मला भुसावळ जंक्शन करायचंय: डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन लावलेली लांब एक्सप्रेस, कोळशाचे रेक म्हणजे अख्ख्या मालगाड्या, लोको शेड, सगळं. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यालाही हात लावता आला पाहिजे. एकदा एका स्केलमध्ये शिरलं की इंजिन, डबे, रूळ सगळं त्याच मापाचं घ्यावं लागतं म्हणून आधीच विचारतोय. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

तापीकाठ:
एचओ. डोळे झाकून एचओ. जगात सगळ्यात जास्त माल याच स्केलमध्ये मिळतो, आणि आपल्याकडे भारतीय इंजिनं-डबे हौसेने बनवणारे जे थोडे लोक आहेत तेही बहुतेक एचओतच बनवतात. पुण्याला कर्वे रोडवर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, १९९८ पासून सुरू आहे, तेही एचओच आहे. मुलाला घेऊन एकदा जाऊन या, पाहिलं की अंदाज येतो डबा केवढा दिसतो ते.

यावलचा_पोरगा:
भाऊ आधी हे सांगा, तुम्हाला गाडी पळताना बघायचीय की डबे स्वतः बनवायचेत? दोन्हीचं उत्तर वेगवेगळं येतं.

फेकरी_फाटक:
खरं सांगू का, खुर्ची टाकून बसावं आणि समोरून लांबच्या लांब गाडी जाताना बघत राहावं एवढंच. पण बनवायला पण आवडेल, हाताला सवय आहे.

धुळेकर_मास्तर:
मग आधी लांबीचा हिशोब करून घेऊ, मतं नंतर.

आपला जुना निळा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा बफरसकट २२.३ मीटर. एचओमध्ये तो झाला साधारण २५६ मिमी, एनमध्ये १३९ मिमी. २४ डब्यांची पूर्ण एक्सप्रेस इंजिनासकट धरली तर एचओत साडेसहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे २१ फूट. तुमची मोठी भिंत १२ फुटांची, ३.६६ मीटर. एनमध्ये तीच गाडी साडेतीन मीटर. कोळशाच्या बॉक्सएन वॅगनचं तर विचारूच नका, एक वॅगन १०.७ मीटर, ५८ वॅगनचा रेक एचओत सात मीटरच्या वर आणि एनमध्ये जवळजवळ चार.

आता वळण. नियम म्हणून नाही पण बरेच जुने लोक पाळतात की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी, नाहीतर डबा वळणावर रुळाच्या बाहेर लोंबल्यासारखा दिसतो. बफर सोडून डबा २४५ मिमी, त्याच्या तिप्पट म्हणजे एचओत ७३५ मिमी त्रिज्या. अर्धवर्तुळाला कडेची जागा धरून पाच-सव्वापाच फूट गेले. सेटमध्ये जे तयार वळण येतं ते ३६० किंवा ४३८ मिमीचं असतं, त्यावर लांब डबे चालतात पण शोभत नाहीत. एनमध्ये तेच काम ४०० मिमीत होतं.

तेव्हा "लांब गाडी" हा शब्द तुमच्या प्रश्नात आहे तोपर्यंत उत्तर एनकडे झुकतं. बाकी मंडळींनी माझं गणित तपासावं.

रावेर_केळी:
मास्तरांनी माझं काम सोपं केलं. मी एनवाला. रावेर-सावद्याला केळीचा रेक भरताना बघत मोठा झालो, मला इंजिनाच्या दरवाजाचं हँडल दिसलं नाही तरी चालतं पण रेक रेकसारखा दिसला पाहिजे. एचओत लोक पाच डबे लावतात आणि त्याला मेल एक्सप्रेस म्हणतात, मनाला पटत नाही ते. माझ्याकडे भिंतीला लागून दीड फुटाची फळी आहे त्यावर २२ वॅगन आणि पुढे दोन इंजिनं, गाडी वळणावर गेली की शेवटची वॅगन अजून स्टेशनातच असते. ती मजा एचओत घ्यायची तर हॉल लागतो.

तापीकाठ:
केळीभाऊ रेक तुमचा सुंदर आहे, मी फोटो पाहिलेत. पण त्यांना सांगा ना की त्यातल्या किती वॅगन भारतीय आहेत? एनमध्ये डब्ल्यूएपी-४ तयार मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. परदेशी चासी (मोटर-चाकांचा खालचा सांगाडा) घेऊन वर बॉडी थ्रीडी प्रिंट करायची, तेही १:१६० ला, खिडकीची जाळी केसासारखी. आणि एन सगळीकडे सारखं नाही हेही सांगायला पाहिजे: युरोप-अमेरिकेचं १:१६०, इंग्लंडचं १:१४८, जपानचं १:१५०, दोन रुळांमधलं अंतर मात्र सगळ्यांचं ९ मिमी. नवीन माणूस एकत्र घेतो आणि मग डबे शेजारी लावले की उंची जुळत नाही.

रावेर_केळी:
वॅगनच्या बॉडी मी स्टायरीन प्लास्टिकच्या शीटच्या कापतो, बॉक्सएन म्हणजे शेवटी एक उघडी पेटी आणि तिच्या बाजूच्या पट्ट्या, एक साचा जमला की संध्याकाळी दोन होतात. मजबुरी म्हणून नाही करत, तीच तर करमणूक आहे.

चाळीसगाव_जंक्शन:
कुणी ओओचं नाव घेत नाही? १:७६, रूळ एचओचाच १६.५ मिमी. ब्रिटिश कंपन्यांची जुनी वाफेची इंजिनं त्यात भरपूर मिळतात, आणि आपली जीआयपीची (जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) इंजिनं तिकडूनच आलेली. चाळीसगाव-धुळे शाखा जुन्या काळातली करायची तर ओओसारखं दुसरं नाही.

अमळनेरकर:
चाळीसगावभाऊ, वाफेचं मान्य. पण ओओचा घोळ आपल्या ब्रॉडगेजला दुप्पट लागतो. ओओ जन्मालाच आलं कारण इंग्लंडची इंजिनं अंगाने बारीक, त्या काळच्या मोटरी १:८७ च्या बॉडीत मावेनात, म्हणून बॉडी मोठी केली आणि रूळ होता तोच ठेवला. म्हणजे रूळ आधीच अरुंद. त्यात आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, ओओत ते २२ मिमी व्हायला पाहिजे आणि आहे १६.५.

एचओतसुद्धा हा प्रश्न सुटत नाही बरं का, नुसता कमी होतो. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६ मिमी, आणि बाजारातला रूळ १६.५, जो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजसाठी आहे. समोरून फोटो काढला की कळतं, आपला सव्वातीन मीटर रुंदीचा डबा त्या अरुंद रुळावर उभा, दोन्ही बाजूंनी पोट बाहेर. भुसावळच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून ज्याने इंजिन येताना पाहिलंय त्याच्या डोळ्याला ते लगेच खटकतं. मी शेवटी रूळ स्वतःच टाकायला लागलो, पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) तांब्याच्या पट्ट्यांचे स्लीपर कापायचे, त्यावर रूळ डाग लावून बसवायचे, मधे माप म्हणून १९.२ चा पितळी ठोकळा. सरळ लाइनला एका सुट्टीच्या दिवशी मीटरभर होतो. सांध्याला (गाडी रूळ बदलते तिथे) मात्र वेळ जातो, आणि प्रत्येक इंजिनाचे ॲक्सल बदलावे लागतात.

सगळ्यांनी हेच करावं असं नाही म्हणत. पण भारतीय गाडी करायची तर हे आधी माहीत असावं, नंतर कळलं की फार जीवाला लागतं.

यावलचा_पोरगा:
१९.२ चा ठोकळा!! आप्पा तुम्हाला दंडवत.

नंदुरबारी:
अमळनेरकर, पी४ वाल्यांचं (१:७६ ला रूळही अचूक मापात करणारे ब्रिटिश हौशी) १८.८३ मिमीचं सामान वापरून पाहिलं का? १:८७ ला ते १६३८ मिमीला पडतं, १६७६ च्या बरंच जवळ. चाकं, ॲक्सल, मापाचे गेज सगळं तयार मिळतं, फक्त बॉडी एचओची ठेवायची. दिसायला फरक कळत नाही आणि ठोकळे घडवायचे वाचतात.

अमळनेरकर:
कल्पना चांगली आहे. अर्ध्या मिमीपेक्षाही कमी फरक आहे. पुढच्या बोगीला करून बघतो आणि इथेच टाकतो.

खंडवा_लाइन:
माझा अनुभव वेगळा. मी अकोला-खंडवा मीटरगेज करतोय, वायडीएम-४ हे डिझेल इंजिन आणि चार-पाच डबे. मीटरगेज एचओत ११.५ मिमी होतं, आणि १२ मिमीचा रूळ बाजारात आहे, स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी निघतो तो. जवळपास बरोबर बसतो. म्हणून ब्रॉडगेजवाल्यांचं हे रुळाचं दुखणं आम्हाला नाही. आधी गेज कुठलं ते ठरवा, स्केल आपोआप समोर येतं.

शेंदुर्णीची_लेक:
खंडवा लाइन यांनी जे म्हटलं त्यासाठीच लिहायला बसले. इतके प्रतिसाद झाले आणि खान्देशातल्या माणसांना पीजे आठवली नाही?

पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिमी. १९१८-१९ च्या सुमाराला सुरू झाली, पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. शाळेत असताना आम्ही मामाकडे त्याच गाडीने जायचो, आणि गाडी इतकी सावकाश की खिडकीतून बाहेर काढलेल्या हाताला बाभळीच्या फांद्या लागायच्या. २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम आहे. ब्रॉडगेज व्हायलाच पाहिजे, गावाला गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती छोटी गाडी जशी होती तशी कुठेतरी राहावी असं मला फार वाटतं, आणि मॉडेलशिवाय दुसरी जागा कुठे आहे तिला?

आता मापाचं. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी. एन स्केलचा रूळ ९ मिमी. पाव मिमीचा फरक, डोळ्याला दिसतच नाही. यालाच एचओई म्हणतात, बॉडी एचओची आणि रूळ ९ चा. ऑस्ट्रियासारख्या देशात ७६० मिमीच्या गाड्या आहेत म्हणून तिकडे याचं सामान निघतं. फक्त एनचा साधा रूळ घेऊ नका, त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. पेको या ब्रिटिश कंपनीचा नॅरोगेजसाठीचा ९ मिमी रूळ येतो, त्याचे स्लीपर मोठे आणि थोडे वेडेवाकडे, अगदी पीजेसारखे. इंजिनाला एनची छोटी मोटर चासी, वर झेडडीएमची (नॅरोगेज डिझेल इंजिनाची) बॉडी सनबोर्ड आणि कार्डची. वळण ९ इंच त्रिज्येतही होतं. इंजिन आणि चार-पाच डब्यांची पूर्ण गाडी, म्हणजे खऱ्या गाडीइतकीच, मीटरभराच्या आत बसते. एक डबा सुद्धा कमी करायला लागत नाही!

१० बाय १२ मध्ये भुसावळ मावणार नाही हो दादा. शेंदुर्णी अख्खी मावेल.

कापूस_भाव:
ताई, मन्हा मनमानी गोट बोलन्यात तुम्ही. पीजेना टपवर बसीसन पहूरले जायेल शे मी. हाऊ लेआउट व्हयना त माले देखाले बलावा.

यावलचा_पोरगा:
टपावर माणसं पण लागतील मग, एचओची माणसं २० मिमीची येतात, शंभरेक घ्या 😄

शेंदुर्णीची_लेक:
माणसं मी स्वतः रंगवते. परदेशी पाकिटातले कोट-हॅटवाले असतात, त्यांना टिशू पेपर आणि फेव्हिकॉलने धोतर-टोपी आणि नऊवारी करता येते. एचओत हे जमतं, एनमध्ये माणूस ११ मिमीचा, त्याला पदर कसा काढणार.

फेकरी_फाटक:
ताई तुमचा प्रतिसाद वाचून घरी वाचून दाखवला. आई पाचोऱ्याचीच आहे, ती लगेच सांगायला लागली की मेन लाइनची गाडी उशिरा आली की लोक पीजेकडे कसे पळायचे. मन हललंय पण डब्ल्यूएपी-४ सुटत नाही मनातून, वडिलांचं आयुष्य त्या शेडच्या आसपास गेलंय.

पत्र्याखालची_खोली:
स्केल ठरेल तेव्हा ठरेल, पण वरच्या मजल्याची खोली म्हटल्यावर कुणी उन्हाचं बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. स्लॅब आहे की पत्रा? जळगावात मे महिन्यात बाहेर ४५, मग आत किती असेल. निकेल सिल्व्हरचा रूळ १० मीटर धरला आणि डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत खोलीत ३० अंशांचा फरक धरला तर रूळ जवळजवळ ५ मिमी वाढतो. हिवाळ्यात टोकाला टोक चिकटवून टाकला तर उन्हाळ्यात साप झालेला दिसेल. मीटरभराला अर्ध्या मिमीची फट सोडा, आणि प्रत्येक जोडाला डाग लावू नका, त्यापेक्षा प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर द्या. उन्हाळ्यातच रूळ टाकायला घेतला तर सगळ्यात बरं.

दुसरं, पीएलए प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट ६० अंशाच्या आसपास मऊ पडतात. पत्र्याखाली बंद खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत डबा ठेवला की केळीसारखा वाकतो. ऑर्डर देताना दुसरं मटेरियल मागा.

आणि धूळ. एनला धुळीचा त्रास एचओपेक्षा जास्त, इंजिन हलकं, चाक लहान, एक कण आला की थांबलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड कायम हाताशी ठेवा.

रावेर_केळी:
धुळीचं खरं आहे. पण म्हणून मी खोलीला जाळी लावली आणि लेआउटवर रात्री जुनी साडी टाकतो. त्रास आहे म्हणून रेक सोडवत नाही.

फेकरी_फाटक:
स्लॅब आहे, पश्चिमेची भिंत तापते. त्या भिंतीला खिडकी आहे तिला पडदा करतो.

चाळीसगाव_जंक्शन:
खडीसाठी एक सूचना, कारण इथे सगळे नदीच्या जवळचे. तापी-गिरणेची वाळू चाळून खडी म्हणून टाकायचा मोह होतो. टाकण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आपल्याकडचा दगड बसाल्ट, वाळूत काळे कण असतात ते चुंबकाला चिकटतात, आणि इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक असतंच. ते कण आत ओढले गेले की गिअर गेला. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चार-पाच वेळा फिरवा, काळं निघायचं थांबलं की मगच वापरा.

कापूस_भाव:
हाई माहित नव्हतं भो. भारी.

नंदुरबारी:
विषय निघालाच आहे तर खर्चाचंही. बाहेरून मागवणार असाल तर सेलच्या किमती बघून हुरळू नका. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ ला ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा नियम लागू आहे. माझं एक पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि शेवटी परत गेलं. म्हणून इंजिन, चासी, चाकं एवढंच बाहेरचं ठेवा, बाकी सगळं इथे बनवा. साइनबोर्डवाल्यांकडे सनबोर्डचे उरलेले तुकडे मिळतात, तेच स्टेशन, तेच क्वार्टर.

भडगावची_आई:
मुलाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा असल्यापासून माझ्या भावाच्या लेआउटवर बसतो. एनचा डबा रुळावर ठेवताना त्याच्या बोटांना जमत नव्हतं, रडायचा, मग हातच लावेना. एचओचा डबा पहिल्याच दिवशी ठेवला. डबा चढवायला एक छोटी उतरती फळी येते ती घ्या, मुलांचं काम सोपं होतं. आणि लेआउटची उंची त्याच्या छातीइतकी ठेवा, तुमच्या नाही, नाहीतर तो दोन वर्षं फक्त फळीची खालची बाजू बघेल.

तापीकाठ:
ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आणि वयाचं दुसरं टोकही आहे. माझं वय ६६, एनचा कपलर (डबे जोडणारा आकडा) मला आता भिंगातूनही नीट दिसत नाही. केडी कंपनीचा एचओ कपलर लावला की आपल्या बॉक्सएनच्या किंवा नव्या एलएचबी डब्यांच्या सीबीसी म्हणजे मधल्या जोडासारखाच दिसतो, आणि चुंबकावर आपोआप सुटतो, त्यामुळे शंटिंग करता येतं. आयसीएफच्या डब्यांना मात्र मधले सगळे जोड पक्के ठेवून फक्त टोकांना कपलर द्या, म्हणजे बफर खोटे वाटत नाहीत.

यावलचा_पोरगा:
धागा लांबत चाललाय, यावर एक भरीत पार्टी झालीच पाहिजे. हिवाळ्यात, बामणोदच्या वांग्याची. गाड्या घेऊन या सगळे.

रावेर_केळी:
मी येतो, कळण्याच्या भाकरी माझ्याकडून. फक्त तेलाचा हात रुळाला लावायचा नाही.

धुळेकर_मास्तर:
भरीत नक्की. त्याआधी फेकरीभाऊंचं काम संपवू. गेले काही दिवस मी सगळे प्रतिसाद समोर ठेवून कागदावर आखत होतो. लांब गाडी, डब्ल्यूएपी-४, मुलाचा हात, पीजे, खोली १० बाय १२. आणि एकच स्टेशन असं आहे जिथे यातलं बहुतेक सगळं एकत्र येतं: पाचोरा.

मुंबई-भुसावळ मेन लाइन पाचोऱ्यावरून जाते, भुसावळ शेडची इंजिनं तिथून जाणारच. आणि बाजूला पीजेचा फलाट. म्हणजे स्केल एकच, एचओ, गेज दोन. माणसं, झाडं, टपऱ्या, रिक्षा सगळं एकाच मापाचं.

आखणी अशी: लेआउट खोलीच्या मधे ठेवायचा नाही, चारही भिंतींना लागून दोन फुटांची फळी, कारण दोन-सव्वादोन फुटांच्या पलीकडे हात पोचत नाही. दरवाजासमोर उचलायची फळी. कोपऱ्यांत ७३५ ची वळणं. मोठ्या भिंतीला मधे सरळ लांबी दोन मीटर उरते. डब्ल्यूएपी-४ आणि सहा आयसीएफ डबे मिळून होतात १.७५ मीटर, म्हणजे प्लॅटफॉर्मला पूर्ण लागतात. समोरच्या भिंतीवर मेन लाइन पडद्याच्या (उभ्या देखाव्याच्या) मागून न्यायची, तिथे दोन लूप म्हणजे बाजूचे रूळ, दोन गाड्या उभ्या. पीजे मात्र मोठ्या भिंतीवरून सुटून बाजूच्या भिंतीने फिरत पडद्याच्या पुढून शेंदुर्णीपर्यंत जाते, तिला वळण लहान चालतं म्हणून रानातून, नाल्यावरून फिरवता येईल.

ओएचईचे (वरच्या विजेच्या तारेचे) खांब लावा, तार लावू नका, रूळ पुसताना हात अडकतो. मेन लाइनवर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर असतात, एचओत ते ८३ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या सरळ भागात तीनच खांब आले तरी चुकीचं नाही.

रावेर_केळी:
मास्तर, प्लॅन देखणा आहे आणि तरी माझं मत तेच. सहा डब्यांची मेन लाइन ही मेन लाइन नाही. त्यांनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय लांबच्या लांब गाडी, खुर्ची टाकून. याच भिंतींवर एन टाकलं तर सरळ भाग पावणेतीन मीटर उरतो, १८ डबे आणि इंजिन त्यात उभं राहतं. दीपनगरच्या वीज केंद्राचा कोळसा जाताना दिसेल, गार्डचा डबा येईपर्यंत मोजत बसाल. फेकरीभाऊ, स्वतःला खरं विचारा की डोळे मिटल्यावर काय दिसतं, रेक की स्टेशन.

अमळनेरकर:
केळीभाऊंचा प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त मास्तरांच्या प्लॅनमध्ये एक गोष्ट वाढवतो. पाचोऱ्यात ९ मिमीचा रूळ आणि मेन लाइनचा रूळ शेजारी-शेजारी येणार. तिथे १६.५ टाकला तर ब्रॉडगेज बारीक आहे हे आणखी उठून दिसेल. निदान समोरच्या त्या दोन मीटरमध्ये तरी रुंद रूळ टाका म्हटलं असतं, पण मग चाकं सगळीकडेच बदलावी लागतील. म्हणून आत्ताच ठरवा, इंजिन घेण्याआधी. रूळ टाकायला मी येतो जळगावला, ठोकळा घेऊन.

नंदुरबारी:
पहिल्या लेआउटला १९.२ सांगू नका हो. आठ वर्षांच्या पोराला वर्षभर नुसता डाग लावताना बघावं लागेल. १६.५ चा तयार रूळ, गाडी पहिल्या महिन्यात पळाली पाहिजे.

भडगावची_आई:
+१. आधी गाडी पळू द्या.

फेकरी_फाटक:
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांनाही धागा वाचायला दिला. ते म्हणाले, सहा डब्यांची गाडी मेन लाइनवर पॅसेंजर म्हणून कायम बघितलीय, तिला एक्सप्रेस म्हणू नका म्हणजे झालं. केळीभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मास्तरांचा प्लॅन आणि तुमचा एनचा प्लॅन, दोन्ही जुन्या वर्तमानपत्रांवर खऱ्या मापात काढून खोलीत अंथरले आणि पुठ्ठ्याचे डबे कापून ठेवले. १८ डब्यांची एनची गाडी खरंच भारी दिसते. पण मुलगा दोन्ही वेळा पीजेच्याच कागदाजवळ जाऊन बसला, आणि आई पण.

तर एचओ घेतोय. १६.५ चा रूळ, सुरुवात फक्त पीजेपासून, मेन लाइनचा एक सरळ तुकडा डब्ल्यूएपी-४ उभी करायला. कोळशाच्या रेकसाठी रावेरला येत जाईन, चालेल ना?

रावेर_केळी:
चालेल काय, या रविवारी या. आठ नंतर धूळ उडते, सकाळी लवकर या.

शेंदुर्णीची_लेक:
फार आनंद झाला दादा. शेंदुर्णी स्टेशनची इमारत मी फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवलीय, दरवाजा, खिडकी, पत्र्याची पन्हाळ सगळं मोजलेलं आहे, १:८७ ला करून दोन दिवसांत इथे टाकते. पाचोऱ्याच्या पीजे फलाटाचे जुने फोटो कुणाकडे असतील तर हवेत, विशेषतः मेन लाइनच्या बाजूने काढलेले. पाण्याची टाकी नेमकी कुठल्या बाजूला होती त्यावर आमच्या घरात एकमत नाही.

कापूस_भाव:
फोटो शे मन्हा काकाकडे. संध्याकाळी धाडस.